खोड सांगून

शनिवारी संध्याकाळी निकिता लॅबमधून घरी आली तेव्हा सिंकमध्ये तीन कप होते आणि तिन्ही तळापर्यंत रिकामे होते. तळाशी चहाचं तपकिरी वर्तुळ सुकून त्याला बारीक भेगा गेल्या होत्या. म्हणजे चहा बराच आधी, दुपारीच झाला होता. शेजारच्या बशीत बिस्किटांचा नुसता चुरा होता. तिने एक कप उजेडाकडे तिरपा धरून पाहिला. घोटभर चहासुद्धा कुणी मागे ठेवला नव्हता.

विकायला काढलेलं घर बघायला येणाऱ्यांपैकी ज्यांना ते आवडत नाही ते चहा पीत नाहीत, एवढं तिला आता कळायला लागलं होतं. ते उभ्याउभ्याच "आत्ताच झाला" म्हणतात, फार आग्रह केला तर दोन घोट घेऊन कप टीपॉयवर दूर सरकवतात. कप रिकामा करणारा माणूस टेकलेला असतो, गप्पांत रमलेला असतो, मनातल्या मनात कपाट कुठे ठेवायचं ते ठरवत असतो. मग हे लोक परत फोन का करत नव्हते?

नाशिकमधला पाथर्डी फाट्याजवळचा हा तिसऱ्या मजल्यावरचा एका बेडरूमचा फ्लॅट निकिता आणि हर्षलने लग्नानंतर लगेच घेतला होता. तेव्हा दोघांच्याही नोकऱ्या अंबडला होत्या. पुढे हर्षलच्या कंपनीने इथलं अर्धं काम चाकणला हलवलं, त्यात हर्षलही हलला. शनिवारी रात्री तो यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. फ्लॅट विकायचा आणि सगळ्यांनी पुण्याला जायचं, असं तेव्हाच ठरलं होतं. निदान ठरलं असं सगळे म्हणत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, आईने विचारलं, मुलीच्या, वेदिकाच्या वर्गशिक्षिकेने विचारलं, तरी निकिताचं उत्तर एकच असायचं, "घर विकलं की जाऊ."

आणि घर विकलं जात नव्हतं.

"मार्केट थंड आहे ताई," एजंट सोमनाथ सांगायचा. त्याचं ऑफिस फाट्यावर रसवंतीच्या मागे होतं. "जिकडे बघाल तिकडे नवीन टॉवर. बिल्डर लोक मॉड्युलर किचन देतात, एसी देतात, एक जण तर स्कूटर देतोय. तुम्ही काय देणार? कुंभमेळा होऊन जाऊ द्या, रस्ते सुधारतील, मग बघू."

निकिताला हे पटायचं, पण पुरतं पटायचं नाही. मार्केट थंड असेल तर लोक येणारच नाहीत. इथे लोक येत होते, बसत होते, चहा संपवत होते, आणि नंतर गप्प होत होते. थंडपणाचा हा प्रकार काही वेगळाच होता.

ती द्राक्षं तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय ते बघायचं आणि लिहून द्यायचं, हे तिचं काम. आलेखात नको तिथे टोक उठलं की आधी द्राक्षावर संशय घ्यायचा नाही, आधी आपली बाटली, आपलं पाणी, आपला हात तपासायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. म्हणून त्या रविवारी सकाळी, हर्षल आणि वेदिका झोपलेले असताना, ती केराची पिशवी खाली ठेवून वर आली आणि दाराशी थांबली. आपण घर बघायला आलोय असं तिने मानलं. चपला काढल्या, पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली आणि बेल दाबली.

सासऱ्यांनी दार उघडलं. "किल्ली इसरली का?"

"नाही नाना. सहज."

केरूनाना तिच्याकडे बघत राहिले. ती आत आली, नाकाने वास घेतला, छताकडे पाहिलं, सोफ्यावर पाहुण्यासारखी टोकाला बसली.

"बरं नाय का तुला?" नानांनी विचारलं.

"बरं आहे."

"मंग चहा ठेवू का?"

ती हसली. घरात वास नव्हता, ओल नव्हती, कुणाला पळवून लावील असं काही दिसत नव्हतं.

नाना मूळ कळवणजवळच्या गावचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला म्हणून आले आणि हर्षल चाकणला गेल्यावर वेदिकासाठी राहिले. शनिवारी निकिता लॅबमध्ये आणि हर्षल वाटेत, तेव्हा घर दाखवायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. ते त्यांना आवडायचंही. एजंटचा फोन आला की धुतलेली टोपी घालायचे आणि चहाचं आधण ठेवायचे.

सोमवारी दुपारी निकिताने सोमनाथला फोन करून आधी येऊन गेलेल्या लोकांचे नंबर मागितले.

"ताई, असं कुणी करत नाही हो. पार्टीला वाटतं आपण मागे लागलो."

"मागे लागणार नाही. एक प्रश्न विचारणार आहे."

"कोणता?"

"काय कमी पडलं ते."

सोमनाथने कुरकुरत तीन नंबर पाठवले.

पहिल्या बाई सिडकोत राहणाऱ्या, बँकेतल्या. त्या मोकळेपणी बोलल्या. "घर छान ठेवलंय तुम्ही. बाबांनी तर सगळंच सांगितलं. दुपारनंतर बेडरूमची भिंत तापते, उन्हाळ्यात पाण्याला जोर नसतो, लिफ्ट मनात आलं की चालते." त्या हसल्या. "असं सांगणारं कुणी भेटत नाही. ह्यांना फार आवडले बाबा."

"मग त्यामुळे नको वाटलं का?"

"छे, ते सगळीकडेच असतं."

"मग?"

"ते तुम्ही घरातच विचारा ना. आम्ही बाहेरची माणसं, कशाला उगीच."

दुसरे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांचा स्वर चांगला होता पण वाक्य तुटक होतं. "बाई, घरात एकमत नसेल तिथे आम्ही हात घालत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

"कुणाचं एकमत नाही?" निकिताने विचारलं. पण त्यांनी तोवर "ठेवू का?" म्हणून फोन ठेवलाही होता.

ती फोन हातात घेऊन लॅबच्या जिन्यात उभी राहिली. राग यायला हवा होता, पण त्याच्या आधी कुतूहल आलं. आपल्या घराबद्दल बाहेरच्यांना काहीतरी माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं. हे कसं झालं?

तिसरा नंबर सविता नावाच्या बाईचा होता. ती सिडकोतल्या एका दवाखान्यात नर्स होती. नाव सांगताच ती म्हणाली, "मॅडम, झालं का नक्की? आम्ही तुमच्याच फोनची वाट बघतोय. मी आमच्या ह्यांना म्हटलं पण, एकदा आपणच विचारू का म्हणून."

"माझ्या फोनची?"

"हो ना. नाना म्हणाले होते, घर चांगलं आहे, खोडी या या आहेत, पण सुनेचं मन अजून नक्की नाही. ती हो म्हणाली की कळवतो. म्हणून थांबलोय आम्ही. दुसरं काही बघितलं नाही."

निकिताने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम, ऐकू येतंय ना?"

"येतंय," निकिता म्हणाली. "मी कळवते तुम्हाला."

त्या संध्याकाळी वेदिका खाली खेळायला गेल्यावर निकिता गॅलरीत आली. नाना तिथे स्टुलावर बसून मेथी निवडत होते. ती समोर खाली बसली आणि एक जुडी ओढून घेतली. दोघं पानं खुडू लागली.

"नाना, घर बघायला येणाऱ्यांना तुम्ही काय सांगता?"

"जे हाय ते."

"भिंत, पाणी, लिफ्ट."

"हा. आन् खालच्या हॉलमधी लग्न असलं की बेंजो वाजतो. ते बी सांगतो."

"कशासाठी?"

नानांनी काडी बाजूला टाकली. "बैल बाजारात नेला की आधी खोड सांगायची. डाव्या अंगाला जुपला तरच चालतो, नायतर पाणी दिसलं की बसतो, काय असंल ते. मंग गिऱ्हाईक दात बघणार. आधी दात दाखवले आन् घरी नेल्यावर खोड निघाली, तर तो माणूस पुढच्या बाजारी चार लोकांत धरतो. आपण कधी धरून नाय घेतलं कुणाकडनं. खोड ऐकून जो बसून राहतो ना, त्याच्याशीच बोलायचं. बाकीचे नुसते फिरायला आलेले."

"हे घर आहे. बैल नाही."

"घराला खोड नसती का? तू बी तेच करती की. द्राक्षात काय राह्यलंय ते आधी कागदावर लिहून देती. मंग जातं जहाजात."

यावर तिला थोडं हसू आलं. पण ती मूळ मुद्द्यावर परतली. "भिंत आणि पाणी समजलं. माझं नाव त्यात का घेतलं?"

नाना मेथीकडे बघत राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"ज्या बाई वाट बघताहेत त्यांनी."

"ती हरसूलकडची? दवाखान्यातली?" त्यांचा चेहरा उजळला. "ती खरी गिऱ्हाईक हाय. एवढं ऐकून बी हलली नाय."

"नाना."

"आता बघ. आमच्याकडं बैल जाताना घरची बाई त्याला भाकरी चारती, पाठीवरून हात फिरवती. मंगच घेणारा दावं हातात घेतो. तिनं चारली नाय तर घेणारा म्हणतो, बाईचं मन नाय, हे जनावर आपल्याला लाभायचं नाय. तुझी सासू एकदा भाकरी घेऊन बाहेरच आली नाय. इंचूरकडचा माणूस होता. सकाळपासनं ओट्यावर बसला, जेवला, पान खाल्लं, आन् रिकामा गेला. तिला विचारलं तर म्हणती, मी कुठं नाय म्हणलं?" ते हसले. "आता गावात बैलच नाय राह्यले. ट्रॅक्टरला काय चारणार."

"मीपण नाही म्हटलेलं नाही," निकिता म्हणाली.

"हो तरी कधी म्हणली?"

खालून मुलांचा आवाज येत होता. निकिता हातातली काडी मोडत राहिली.

"जाणारी बाई गॅलरीत कढीपत्ता लावत नाय," नाना हलक्या आवाजात म्हणाले. "पुढच्या वर्षाचं शाळेच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवत नाय. किचनमधला नळ बदलत नाय. मी म्हातारा, दिवसभर घरात. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं लय दिसायला लागलंय."

"मग मला विचारायचं ना सरळ."

"सासऱ्यानं विचारलं असतं तर तू हो म्हणली असती. ते काय कामाचं?"

निकिताला खरंच राग आला, पण तो नक्की कुणाचा हे तिला ठरवता येईना. तिने मेथी उचलली आणि आत गेली. भाजी केली, वेदिकाचा अभ्यास घेतला, हर्षलच्या फोनवर "सगळं ठीक" म्हणाली. हर्षल खोलीतल्या मित्रांबद्दल सांगत होता. त्यातला एक रोज खिचडीच लावतो, आणि हर्षलही रोज तीच खातो. बोलताबोलता तो थांबून म्हणाला, "कंटाळा आला यार निकी. कंपनीत मी सांगून टाकलंय, जूनपर्यंत फॅमिली आणतो." ती "हं" म्हणाली. हे "हं" तिने पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे म्हटलं पुष्कळदा असेल, पण कानावर पहिल्यांदा पडलं. त्यात होकार नव्हता आणि नकारही नव्हता. समोरच्याला जे हवं ते त्याने त्यात भरून घ्यावं, अशी सोय होती.

पुढचे काही दिवस ती स्वतःकडे जरा लांबून बघत राहिली. लॅबमध्ये दोन औषधांची टोकं एकावर एक चढली की एकच फुगीर टोक दिसतं आणि नवखा माणूस फसतो. मग मिश्रण सावकाश पुढे सरकू द्यायचं, म्हणजे दोन्ही वेगळी होतात. तिने तसंच करून पाहिलं. एका सकाळी डबा भरताना मनात म्हणाली, समजा घर विकलं. आजच विकलं. तिने ओट्यासमोरची अरुंद जागा पाहिली, जिथे दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत. हॉलमधली नानांची गादी पाहिली, जी रोज सकाळी दिवाणाखाली सरकवावी लागते. वेदिका बेडरूमच्या दारामागे दप्तर ठेवून तिथेच जमिनीवर अभ्यास करायची. घर विकलं, या विचाराने तिला वाईट वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट मोकळं वाटलं.

मग ती म्हणाली, समजा पुण्याला गेलो. आणि डब्याचं झाकण हातातच राहिलं. तिथे तिची लॅब नव्हती. दुसरी मिळाली असती, कदाचित चांगलीही. पण हंगामात शेतकरी क्रेट घेऊन दारात उभे असतात आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत "मॅडम, पास व्हईल ना?" विचारत राहतात, ते तिथे नव्हतं. आई पंचवटीत एकटी होती. आणि याहून साधी गोष्ट म्हणजे तिला जायचं नव्हतं. कारणं जोडत गेलं तर पुष्कळ निघाली असती. ती नसती तरी जायचं नव्हतंच.

इतके दिवस तिने दोन्ही प्रश्न एकाच पिशवीत घालून ठेवले होते आणि पिशवीला मार्केटची गाठ मारली होती. घर विकलं जात नव्हतं म्हणून तिला काही बोलावं लागत नव्हतं. ती बोलत नव्हती म्हणून घर विकलं जात नव्हतं. हे कळल्यावर तिला आधी गंमत वाटली, मग भीती. हर्षलला कळलं तर काय होईल? तो एवढे दिवस परक्या खोलीत खिचडी खातोय ते कशाच्या भरवशावर?

तिने सविताला फोन केला. "रविवारी या," एवढंच म्हणाली. "हर्षल असतील."

रविवारी सविता आणि तिचा नवरा मनोज आले. मनोज आश्रमशाळेत शिक्षक होता, कमी बोलणारा. त्याचे आईवडील हरसूलला असायचे. आईला तपासणीसाठी सारखं नाशिकला आणावं लागायचं आणि भाड्याच्या एका खोलीत सगळे मावत नव्हते, हे सविताने बसता बसता सांगितलं. मनोज बेडरूममध्ये गेला आणि पश्चिमेच्या भिंतीवर पूर्ण तळहात टेकवून उभा राहिला.

"तापते," तो बाहेर येऊन म्हणाला. "आमच्या पत्र्याएवढी नाही."

हर्षलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने बोलायला सुरुवात केली. "लोकेशन एक नंबर आहे बघा. हायवे जवळ, शाळा जवळ, पाणी भरपूर..."

"पाण्याला उन्हाळ्यात जोर नसतो," सविता म्हणाली. "नानांनी सांगितलंय सगळं."

हर्षलने नानांकडे पाहिलं. नाना टोपी सारखी करत होते.

"बाबा, तुम्ही गिऱ्हाईक बोलावताय की घालवताय?"

"जायचे ते गेले," नाना म्हणाले. "हे बसलेत."

मनोज पहिल्यांदाच हसला. निकिता चहा घेऊन आली, सगळ्यांना दिला आणि सोफ्याच्या हातावर न टेकता खुर्ची ओढून मध्येच बसली. नाना रोज ज्या खुर्चीत बसायचे ती त्यांनी तिच्यासाठी मोकळी ठेवली होती, हे तिच्या बसल्यावर लक्षात आलं.

"आमचं ठरलंय," सविता म्हणाली. "बँकेचंही बोलणं झालंय. फक्त एकाच गोष्टीसाठी थांबलो होतो. नाना म्हणाले होते, मॅडमचं नक्की झालं की कळवतो."

"नक्की म्हणजे?" हर्षल हसला. "अहो, नक्कीच आहे. आम्ही जूनच्या आत पुण्याला शिफ्ट होतोय. मुलीची शाळासुद्धा बघून ठेवलीय मी. तुम्हाला ताबा लगेच मिळेल, त्याची काळजी करू नका."

सविताने मान हलवली, पण तिचे डोळे हर्षलकडे नव्हते. आजारी माणसाच्या खाटेपाशी नातेवाईक बोलत असताना नर्स जशी त्या आजाऱ्याकडे बघते, तशी ती निकिताकडे बघत होती. मनोजने कप खाली ठेवला. नाना जमिनीकडे बघत होते.

निकिताला पुन्हा ते "हं" ओठांपर्यंत आलेलं जाणवलं. सोपं होतं ते. हर्षल खूश झाला असता, हे दोघं हात जोडून उठले असते, आणि जूनमध्ये काय ते जूनमध्ये झालं असतं. समोर बसलेल्या या बाईने इतर कुठलंही घर न बघता एका शब्दाची वाट पाहिली होती. आणि शेजारी बसलेला नवराही वाटच बघत होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. त्याला कुणी खोड सांगितलीच नव्हती.

"हर्षल," ती म्हणाली, "थांब जरा."

"काय झालं?"

तिने आधी सविताकडे पाहिलं. "घर तुम्हाला द्यायचं आहे. माझं मन आहे त्यात, पूर्ण आहे. कागदपत्रं कधी करायची ते तुम्ही सांगा." सविताचा श्वास सुटलेला तिला ऐकू आला. मग ती खुर्चीतच वळली आणि हर्षलच्या समोर झाली. त्याच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू तसंच होतं.

"पण मी पुण्याला येणार नाही."